शिंप्यानं बसवलेला दिवा

मावशीची उभी हयात कारखान्यात जळालेल्या विजेच्या मोटारींची तार नव्यानं भरण्यात गेली. काका शिंपी. बोलायला मऊ, पण एकदा मनात घेतलं की कुणाचं ऐकायचे नाहीत. मावशीची दुसरी पाळी असली की रात्री परतताना ती मागच्या पायऱ्यांवर अंधारात ठेचकाळायची. म्हणून काकांनी माणसाच्या चाहुलीनं लागणारा सेन्सरचा दिवा आणला आणि मागच्या दारावर बसवायला घेतला.

"मी लावते की," मावशी म्हणाली.

"दिवसभर तारांतच असतेस. घरी तरी कुणाला तुझ्यासाठी काही करू दे."

त्यानंतर तिनं त्या दिव्याला हात लावला नाही. काका गेले, तरीही नाही. यंदा मात्र आत पाणी शिरलं आणि दिवा उगाच लुकलुकायला लागला. तिनं मला बोलावून घेतलं. "तू फक्त शिडी धर. बाकी कशाला हात लावू नकोस."

सकाळचं ऊन होतं. तिनं बटण बंद केलं, शिडीवर चढून दिव्याचं झाकण उघडलं आणि तारेला टेस्टर लावला. टेस्टरमधला बारका दिवा लागला. ती सावकाश खाली उतरली.

"बटण बंद आहे ना गं?" मी विचारलं.

"आहे. पण तुझ्या काकांनी ते न्यूट्रलच्या, म्हणजे परतीच्या तारेवर बसवलंय. बटण बंद, वीज मात्र वर हजर."

तिनं घराचा मेन स्विच पाडला, वर जाऊन पुन्हा टेस्टर लावला. आता टेस्टर लागला नाही. मगच तिनं तारांच्या जोडावरची जुनी चिकटपट्टी सोलली. खाली काळ्या दोऱ्याचे घट्ट वेढे निघाले.

"शर्टाला बटण शिवावं तसा जोड बांधलाय माणसानं," ती म्हणाली आणि हसली.

मग तिनं तो जोड कापला. नवी वायर, नवा कनेक्टर घातला, काकांनी न जोडता तशीच सोडलेली अर्थिंगची तार जोडली. पाणी बाहेरच निथळावं म्हणून वायरला दिव्याच्या डब्याखाली बाक दिला, झाकणाला रबर लावलं. बटण वीज आणणाऱ्या फेजच्या तारेवर आणलं. शेवटी मेन चालू करून मला अंगणातून चालायला लावलं. दिवा लागला.

चहा पिताना म्हणाली, "उजेड पडला की ते आतून दार उघडायचे. मी वाजवायच्या आधी. शिवण बाजूला ठेवून बसलेले असायचे."

आणि कप विसळायला उठली.