तंबाखू : नाही

कवठे महांकाळच्या पलीकडच्या चार वाड्यांत रेश्माचं नाव 'कॅन्सरबाई' पडलं होतं. नाव काही प्रेमाचं नव्हतं. ती दारात दिसली की बायका लेकीबाळींना आत पिटाळत, जणू रोग तिच्या पिशवीतूनच सांडणार होता. वेळेत तपासणी झाली तर कॅन्सरमधून किती बायका वाचतात, याचा अभ्यास सांगलीहून चालला होता. तिशीच्या पुढची एकही बाई सुटू न देता दारोदार फिरून प्रत्येकीचा फॉर्म भरायचा, हे रेश्माचं काम.

पहिला फॉर्म तिनं घरातच भरला. हात बसावा म्हणून सासूचा, बनुबाईचा. बनुबाई पायरीवर कोवळ्या उन्हात बसून तळहातावरची मशेरी बोटानं दातांवर घासत होती.

"आत्ती, तंबाखू खाता का?" रेश्मानं सरकारी आवाज काढला.

"मी?" बनुबाईनं बाजूला पिंक टाकली. "तुज्या सासऱ्याला इचार जा. बायामाणसानं तंबाखू खाल्ल्याव मग ऱ्हायलं काय गं?"

रेश्मा हसली आणि लिहिलं : तंबाखू, नाही.

आता गंमत बघा. दर आठवड्याला बाजारातून तंबाखूची पुडी आणायची ती रेश्माच. बनुबाई ती तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, घरभर ठसका उठायचा, मग कुटून डबीत भरायची. तवा घासायचीही रेश्माच. पण मशेरी पडली दात घासायची वस्तू. तिला तंबाखू म्हणायचं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं; चार दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आलेल्या रेश्माच्याही नाही.

नियम साधा होता. 'हो' म्हणेल तिच्या तोंडात त्याच महिन्यात टॉर्च मारून बघायचं. 'नाही' म्हणेल तिची तपासणी दोन वर्षांनी.

दीड वर्ष गेलं आणि बनुबाई भाकरी दुधात कुस्करून खाऊ लागली.

"कालवण लय तिखट करतीस."

रेश्मानं तिखट कमी केलं. मग बंदच केलं. शेजारची रंगूबाई कुंपणावरून म्हणाली, "सासूला आळणी घालून मारायचा इचार हाय का काय गं?"

एका सकाळी बनुबाईला जांभई पुरती देता येईना. रेश्मानं टॉर्च आणला. गालाच्या आत पांढरा चट्टा आणि त्याच्या मधोमध कडक जखम. प्रशिक्षणातल्या फोटोत होती तशीच.

सांगलीच्या डॉक्टर भार्गवींनी जखमेचा तुकडा काढून तपासायला दिला. आठ दिवसांनी दोघी पुन्हा गेल्या. कॅन्सरच होता, आणि मानेतही गाठ उतरली होती. बनुबाई बाहेर बाकावर बसली होती. डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर तिचा फॉर्म काढला.

"यांचं तोंड आधी बघितलंच नाही? इथं तर तंबाखू 'नाही' आहे. कुणी भरलं हे?"

'त्यांनीच तसं सांगितलं,' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. खोटंही नव्हतं ते.

"मी भरलं," रेश्मा म्हणाली. "तंबाखू पण मीच आणून देत होते मॅडम. मशेरीला."

डॉक्टरांनी कॉम्प्युटरवरचा तो 'नाही' पुन्हा वाचला. "असे अजून किती असतील?"

"सहाशे बायका हायत माझ्याकडं. मशेरी न लावणारी शोधावी लागंल."

परतीच्या एसटीत तिनं सासूला सगळं सांगून टाकलं.

"म्हंजी तवाच बगितलं असतंस तर?" बनुबाईनं विचारलं.

"बारकं असताना घावलं असतं, आत्ती."

"मग वाचले असते?"

"अजून बी वाचाल की. आपरेशन..." दारोदारी न अडखळता म्हटलेलं वाक्य रेश्माला पुढं नेता येईना. बनुबाईनं तोंड खिडकीकडं फिरवलं. गाव येईस्तोवर ते तिकडंच होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच रेश्मा कुंपणापलीकडं गेली. "रंगूबाई, त्वांड उघडा."

"माजं कशाला? तंबाखू न्हाई, म्हणून तूच लिवलंयस की!"

"मशेरी?"

"ती लावतीया. कोण लावत न्हाई? जा बाई, सासूचं बघ आधी. आमच्या दारात ती पीडा नगं."

रेश्मा जागची हलली नाही. पायरीवरून सगळं ऐकणारी बनुबाई उठली, गालावर पदर धरून कुंपणापर्यंत आली. सुनेकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

"रंगे," ती म्हणाली, "उघड त्वांड."