जुन्या सिरक्याची बरणी

जांभळाच्या सिरक्याचा आंबूस वास आला, की १९६०च्या सुमाराचं आमचं नेर गावचं अंगण आठवतं. आई दर वर्षी नवा रस बरणीतल्या जुन्या सिरक्यात मिसळून मुरवायची. एकदा दारूबंदीचा शिपाई थेट त्या बरणीपाशी आला; ती फुटली असती तर वीसेक वर्षांचं मुरवण मातीत गेलं असतं. तो बरणीवर काठी उगारून म्हणाला, "हे दारू हाय बाई, बाजूले सर." आईने पेला भरून त्याच्यापुढे धरला. "मंग प्या न भाऊ. चढली तं फोडा." त्याने घोट घेतला आणि ठसकाच लागला. "आता बसा इथंच," आई म्हणाली, "चढू द्या." सगळी गल्ली हसली, तसा तो काठी खाली करून निघून गेला. आता बरणी माझ्याकडे आहे आणि रस्त्यावरून दिसेल अशीच मी ती ठेवते.