तुडीलला 'भरती कधी' असं विचारू नये

सावित्रीकाठाने तुडील, महाड आणि पुढे पोलादपूर असा प्रवास कोणी करणार असेल, तर एक सांगून ठेवतो. तुडीलला कोट घालून, काखेत छत्री धरून "भरती कधी?" असं विचारू नये.

मी विचारलं. परतीच्या होडीसाठी पाणी कधी चढेल, एवढंच मला हवं होतं. ओट्यावरची माणसं एकेक करून आत गेली. एक म्हातारी तेवढी दारात उभी राहिली. "मागं एक सायेब असाच आला नि माझा पोरगा घेऊन गेला. आता जावई हाय, पन तो पांगळा हाय," ती म्हणाली. जावई समोरच्या माडावर चढलेला मला स्पष्ट दिसत होता.

माझा थोरला भाऊ गणपतदादा बसऱ्याच्या लढाईत खेचरं हाकायला होता. बेपत्ता, एवढाच निरोप आला. त्याला बारा वर्षं झाली. भटजी म्हणाले, आता दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यावा. वहिनी म्हणाली, "त्यांना डोळ्यांनी बघितलेला मानूस शोधा, भावजी. तोवर मी कुंकू पुसायची नाय." म्हणून माघात शाळेतून रजा घेतली आणि त्या लढाईहून परतलेल्यांच्या आठवणी ऐकायला सव या आमच्या गावाहून निघालो.

भरतीचा घोळ मिटल्यावर तुडीलकरांनी भाकरी आणि सुकट वाढली. लढाईहून परतलेल्या तिथल्या शिपायाची नजर मात्र जेवण संपेपर्यंत माझ्या कोटाच्या खिशावर होती, भरतीचा कागद निघतो की काय अशी. मी त्याला दादाचं नाव, उंची, कानामागचा डाग, सगळं सांगितलं. त्याने लगेच ओळखलं. दादा तुर्कांच्या कैदेतून सुटला आणि तिकडेच मेंढ्या राखून राहिला, असं म्हणाला. कानामागे डाग असलेला, उंच. मला भरून आलं. होडी निम्म्यावर आली तेव्हा ध्यानात आलं की त्याने सांगितलेली प्रत्येक खूण मीच आधी बोललो होतो. मला बरं वाटावं म्हणून तो बोलला, की मी लवकर उठावं म्हणून, ते कळलं नाही.

महाडहून पोलादपूरला मोटार जाते, पण भरल्याशिवाय सुटत नाही. मी बैलगाडी केली. गाडीवान वाटभर मी कोणाचा कोण ते फिरवून फिरवून विचारत होता, आणि मी उत्तर टाळत होतो. पोलादपूरपासून दुसऱ्या शिपायाच्या वाडीपर्यंत चढ आहे. पाणी बरोबर घ्यावं, वाटेत सावलीही फारशी नाही.

वाडीतला शिपाई धोंडू गवत रचत होता. या वेळी मी दादाचं नाव घेतलं नाही. मी सवचा आहे, हेही सांगितलं नाही. खेचरांबद्दल तेवढं विचारलं.

"लिवून कुठं नेनार?" त्याने विचारलं. मी पेन्सिल खिशात घातली.

त्याची बायको विळा घेऊन जवळच उभी होती. "सांगा की. तुमाला परत न्यायला कोन येतंय? दात तरी हायत का?"

तो हसला आणि बोलू लागला. तिथलं ऊन, चिखलात रुतलेली खेचरं, वास मारणारं पाणी. मग आपणहून म्हणाला, "एक होता सवचा. खेचर नर आसो का मादी, त्याला म्हनायचा, चल गो बाय. आमी लय हसायचो."

दादा लहानपणी आईबरोबर गाई राखायचा. तेव्हापासून बैलालासुद्धा तो 'गो'च म्हणे.

"पुढे?" मी विचारलं.

"ताप आला. नदीच्या काठाला या हातांनी माती दिली. त्याचं खेचर तिथून हलंना. मंग मीच म्हटलं, चल गो बाय. तवा हाललं." त्याने माझ्याकडे निरखून पाहिलं. "तुमी कोन त्याचं?"

"धाकटा भाऊ."

"मंग आधी का नाय बोललात?"

बायकोने विळा खाली ठेवला आणि गूळपाणी आणलं.

सवला पोचलो तेव्हा वहिनी अंगणात वाल निवडत होती. मी तुडीलचंही सांगितलं, काही लपवलं नाही. तिचा हात थांबला नाही. "डागाचं त्याला तुमीच सांगितलं आसंल," ती म्हणाली.

मग वाडीवरचं सांगितलं. 'गो'पाशी आलो तशी ती हसली. पदर तोंडाला लावून बराच वेळ हसली. "मामंजी किती चिडायचे," म्हणाली. पुढचं तिने खाली बघून ऐकलं.

सुपातले उरलेले वाल तिने निवडून संपवले. मग सूप झटकून उठली.

"भटजींना विचारून या, भावजी. दर्भ आपन न्यायचे का तेच आनतात?"