कुजबुजीला कंठ

हेमा ठाकूरबरोबर पनवेलच्या बाजारातून चालणं ही शिक्षा होती. भर रस्त्यात हात आडवा करून ती मला थांबवायची. "मास्तर, गप. ऐका." मी ऐकायचो. ऐकू काय येणार? मागे मागे येणारा टेम्पो, रसवंतीचं मशीन आणि आम्ही वाट अडवली म्हणून शिव्या घालणारा रिक्षावाला. ही बाई मात्र डोळे मिटून, मान तिरकी करून उभी. मग डोळे उघडून निकाल द्यायची, "टेम्पो नि रसाचं मशीन एकाच पट्टीत हायेत. रिक्षावाला बेसूर हाय." एकदा भांड्यांच्या दुकानात तिने पातेली वाजवून बघायला सुरुवात केली. दुकानदार वैतागून म्हणाला, "ताई, गळत नाहीत हो ती." ही म्हणते, "गलू देत. गातात मस्त!"

मी कीबोर्डचे क्लास घेतो आणि लग्नसराईत बेंजो पार्टीत वाजवतो. हेमा माझ्याकडे शिकायला आली असा माझा पहिल्या दिवशी समज झाला आणि मी फी सांगून मोकळा झालो. ती हसली. पळस्प्याच्या अलीकडच्या गावातली आगरी घरातली मुलगी, इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनीअर. तिला शिकायचं नव्हतं, कान हवे होते. "माजे कान आता भरलेत. सकाळपासून एकच आवाज ऐकतंय मी. तुमी सांगा, यो मानूस वाटतो का मशीन?" असं म्हणून तिने लॅपटॉप माझ्या पुढ्यात ठेवला.

पडद्यावर वाद्य नव्हतंच. नुसत्या चौकटी, आणि एका चौकटीतून दुसरीत गेलेल्या तारा. एखाद्या नवशिक्या वायरमनने घराची वाट लावावी तसा गुंता! ती एका चौकटीत आकडा लिही, दुसरीला तार जोडी, आणि शून्यातून आवाज उभा राही. मी आयुष्यभर तयार आवाज वाजवले. बटण दाबलं की बासरी, बटण दाबलं की सनई. ही पोरगी सनई मुळापासून बनवत होती. मी विचारलं, हे जमतं कसं? "आवाज म्हंजे काय मास्तर, थरथर. जगात फुकट मिलते ती. फक्त तार कुठे लावायची ते कललं पायजे." आणि काही बिनसलं की तिचं ठरलेलं वाक्य, "अजून एक तार लावू, मंग बगू." त्या एका तारेपायी आमचे किती चहा गार झाले असतील!

एवढी धडपड कशासाठी, ते तिने दुसऱ्या भेटीत सांगितलं. तिची आई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी असो नसो, धवलारीण लागतेच. हळद कुटण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधीचा धवला ती गाते, आणि तिचं गाणं झाल्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. हेमाच्या आईने पंचक्रोशीतल्या पोरी गाऊन सासरी धाडल्या होत्या. मग गळ्याचं ऑपरेशन झालं, गाठ निघाली आणि तिच्याबरोबर आवाजही गेला. उरली ती कुजबुज. आणि आता हेमाचं लग्न ठरलं होतं, उलव्याच्या मुलाशी.

"बाकीच्या समद्यांच्या पोरींना गायली नि माज्या टायमाला गप बसनार?" हेमा म्हणाली. "तिच्या धवल्याशिवाय मी पाटावर बसनार नाय. नवऱ्याला सांगितलंय तसं." नवरा काय म्हणाला, असं मी विचारलं. "तो बोलला, कवा होईल तेवडं सांग, हॉल बुक करायचाय." मला तो मुलगा न बघताच आवडला.

तिची युक्ती ऐकून मी खुर्चीतून उठलोच. बोलताना कंठ नुसता गुणगुणतो. शब्द घडवतात जीभ आणि ओठ. आईचा कंठ थंडावला होता, पण तोंड शाबूत होतं. म्हणजे गुणगुण लॅपटॉपने द्यायची आणि शब्द आईच्या कुजबुजीतून घ्यायचे. "कुजबूज चालनीतनं चालायची," ती म्हणाली. "एकाखाली एक चालन्या. जाड आवाज एकीत, बारीक दुसरीत. ज्या चालनीत जेवडं पडेल, तेवडीच गुनगुन तिकडून सोडायची." मला अर्धं कळलं. मग तिने लॅपटॉपमधून भुंग्यासारखा एक आवाज सोडला आणि माईकजवळ ओठ नेऊन नुसतं कुजबुजली. आणि तो भुंगा माझ्याशी मराठीत बोलला, "मास्तर, चा सांगा!" मी चहा तर सांगितलाच, वर भजीही सांगितली.

तेव्हापासून मीही येडा झालो. क्लास सुटला की थेट तिच्या घरी. पहिल्यांदा सूर मी कीबोर्डवर वाजवले आणि आई माईकपाशी कुजबुजली. आवाज आला, शब्द आले, पण प्रत्येक सूर पायरी चढल्यासारखा ठक ठक. आईने तोंड वाकडं केलं आणि हेमाच्या कानाशी लागली. हेमा लोळून लोळून हसायला लागली. "आये बोलते, ही तर स्टेशनवरची बाई गाडी लेट हाय सांगतेय!"

मग माझा कीबोर्ड गेला आणि त्याच्या जागी बोट फिरवायची एक पट्टी आली. पट्टीवर बोट डावीकडे नेलं की सूर उतरे, उजवीकडे नेलं की चढे, मध्ये पायऱ्या नाहीत. आईने पोळपाटावरचं पीठ पुसावं तसं त्यावर बोट फिरवलं आणि सूर घसरत, लचकत, हव्या त्या जागी जाऊन बसला. हेमाने मला पाठीत असा धपाटा घातला की दोन दिवस दुखत होतं. आवाजाचा रंग तिने एका जुन्या लग्नाच्या व्हिडिओतून घेतला. त्यातला आईचा धवला वेगळा काढून, त्याची किनार, त्यातली किंचित खरखर मोजून भुंग्याला दिली.

आणि इथेच घोडं अडलं. आई गाऊ लागली की अर्ध्या ओळीत आवाज बंद पडायचा. क्षणभर शांतता, मग पुढची ओळ सुरू. हेमाने माईक बदलला, चाळण्या बदलल्या, शेवटी सगळं पुसून पुन्हा पहिल्यापासून तारा जोडल्या. तरी आवाज त्याच जागी बंद. शिवाय आई कुजबुजायची, "यो आवाज माजा हाय, पन अर्धाच." हेमाला ते लागायचं. लग्नपत्रिका वाटून झाल्या होत्या. 'अजून एक तार' म्हणणारी पोरगी एका दुपारी लॅपटॉप मिटून बसली. "मास्तर, नाय व्हनार. पाटावर बसेन मुकाट्यानं." असल्या वेळी मी फार निरुपयोगी माणूस आहे.

त्याच दुपारी मथुराकाकी आली. ही आईची गाण्यातली जोडीदारीण. आईचा आवाज गेल्यापासून हिलाही कुणी बोलावत नव्हतं, त्यामुळे जरा रुसलेलीच. लग्नघरची मदत म्हणून ती कोपऱ्यात वाल सोलत बसली. आईने, बहुधा तिला दाखवायला, लॅपटॉप उघडायची खूण केली आणि माईक तोंडाशी घेतला.

"पाट मांडीला गो अंगनी..."

आवाज बंद पडला. नेहमीच्याच जागी. आणि मान वर न करता, वाल सोलता सोलता, मथुराकाकीने ओळ उचलली, "वरी बसली हेमा नवरी." तिचा शेवटचा सूर संपायच्या आत आईचं बोट पट्टीवर फिरलं आणि पुढची ओळ आली. पुन्हा अर्ध्यावर काकी. दोघी वेणी घालाव्या तशा एकमेकींत गुंतत चालल्या.

हेमा ताडकन उभी राहिली. वालाची परात उलटली. "फॉल्ट नाय! मास्तर, फॉल्ट नायच हाय!" ती ओरडली. "ती थांबते! आये काकीसाठी थांबते!"

धवला एकटीने गायचा नसतो. एकीने अर्ध्यावर ओळ सोडायची, दुसरीने धरायची. आईच्या अंगात ती सवय इतकी मुरलेली की आपण थांबतो हे तिच्याही ध्यानात नव्हतं. धवलारणीच्या पोटी जन्मून हेमाला हे माहीत नसावं? पण लहानपणापासून तिने तो मांडवाच्या दुसऱ्या टोकाहून ऐकलेला, पोरांच्या गोंधळात, आणि दोघींचे आवाज असे मुरलेले की तिला वाटे, सगळी आईच गाते. व्हिडिओतूनही तिने आई समजून दोघींचा आवाज उचलला होता. आई अर्धा म्हणायची ते तंतोतंत खरं होतं. उरलेली अर्धी मथुराकाकी होती! हेमाने हे सांगितल्यावर काकी एवढंच म्हणाली, "तरी मी बोलते, मशीनला सर्दी का झाली? ती सर्दी मी हाय." त्या संध्याकाळी हेमाने फक्त आईच्या अर्ध्या ओळी निवडून रंग पुन्हा मोजला. आई पहिला सूर काढून थांबली आणि तिने स्वतःच्याच गळ्याला हात लावून बघितला. मला तिथे रडू आलं, ते मी लपवलं नाही.

हेमा आता परदेशात असते, ऐकू न येणाऱ्या लोकांसाठी यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत. फोनवर अजून मला मध्येच "गप, ऐका" म्हणते आणि तिकडच्या ट्रामचा आवाज ऐकवते. पण माझ्या डोळ्यांपुढे ती येते ती हळदीच्या दिवशीची. मांडवात आमच्या बेंजो पार्टीला तिने तंबी दिलेली, धवला संपेपर्यंत कुणी टिचकी वाजवायची नाही. लॅपटॉप माझ्या ताब्यात होता. "कशाला हात लावू नका मास्तर, फक्त बगत बसा," असं बजावून ती पाटावर बसली आणि दर मिनिटाला हळदीने माखलेला हात लांब करून स्वतःच काहीतरी सरकवत राहिली. तिच्या लॅपटॉपची बटणं त्या दिवसापासून पिवळी आहेत.

आईने कानामागून ओठांपर्यंत येणारा माईक लावला. उलव्याची मंडळी आधी कुजबुजली, एका काकांनी "डीजे हाय का काय?" असंही विचारून घेतलं. मग पहिली ओळ आली. ज्या बायकांच्या लग्नात आई गायली होती त्या पुढे सरकल्या. अर्ध्या ओळीवर काकीने ओळ धरली, आईने पुन्हा घेतली. हेमा पाटावर बसून हसत होती, मला अंगठा दाखवत होती, सुराला मान डोलवत होती. मी म्हटलं, ही नवरी आहे की साउंडवाली!

धवला संपला. बायकांनी डोळे पुसले, काकीने पदर सावरला. मी आवाज बंद करायला हात पुढे केला, तर आईने मान हलवून नको म्हटलं. तिचं बोट अजून पट्टीवर होतं. नवरीचं नाव सगळ्या धवल्यात काकीच्या वाट्याला आलं होतं, आईच्या अर्ध्या ओळींत ते कुठेच नव्हतं. तिने बोट खाली नेलं, मग सावकाश वर सरकवलं, आणि पोर खेळायला लांब गेली की दारात उभं राहून मारतात तशी हाक सगळ्या मांडवावरून गेली.

"हेमाऽऽ!"

"आले गो आये!" हेमा म्हणाली आणि उठलीसुद्धा. हळदीच्या पाटावरून मध्येच उठायचं नसतं, पण तिला धरायचं कुणाला सुचलं नाही. तिचं हसू पार पुसलं गेलं होतं. ती आईसमोर जाऊन उभी राहिली. "काय गो?"

"काय नाय," आईचा आवाज स्पीकरमधून आला. "हाक मारून बगितली."