कारणाची ओळ

भिंतीवरच्या मोठ्या स्क्रीनवर अर्जदाराच्या नावाचा रकाना रिकामा होता. आमच्या सरांनी त्यात माझं आडनाव टाइप केलं.

समोर आमचे क्लायंट बसले होते, एका मोठ्या हाउसिंग सोसायटीचे अध्यक्ष. बाजूला आमच्या टीममधले चौघं. मी लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात. सर म्हणाले, "आता रिजेक्ट कॉल करून बघू." बटण दाबलं. गोल चक्र फिरलं. मग हिरवी खूण आली. अर्ज नामंजूर. कारणाच्या जागी काहीच नाही.

"चाललं," सर म्हणाले.

अध्यक्षांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि हसले. मग बाकीचे हसले. मोठ्यानं नाही. नागपूरच्या धरमपेठेतल्या एसी ऑफिसात हसतात तसं, सभ्यपणे.

मीही हसले. हे लपवणार नाही. ओठ आपोआप हलले.

नामंजूर करायचं ते फंक्शन मीच लिहिलं होतं.

मी स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट लिहायचे. म्हणजे असा प्रोग्राम, की एकदा नेटवर्कवर चढवला की कोणाला बदलता येत नाही. त्यात फंक्शन असतात. एकेक फंक्शन म्हणजे एकेक काम, नाव देऊन लिहून ठेवलेलं. त्या नावानं कॉल केला की ते काम होतं. कोणी कॉल करायचा, हेही लिहिणारा ठरवतो. 'पब्लिक' लिहिलं तर जगातलं कोणीही. वर अट घातली तर फक्त मालक.

हे मी उमरेडच्या एसटीत शिकले, मोबाइलवर. बाबा कोळशाच्या खाणीत पंपावर होते. आई अंगणवाडीत मदतनीस. कॉलेजला रोज एसटीनं यायचे-जायचे, सीट मिळाली की धडे बघायचे. पहिलं फंक्शन लिहिलं ते दोन आकड्यांची बेरीज करायचं. कॉल केला, उत्तर आलं. परत केला, परत आलं. त्यानं मला काही विचारलं नाही. कुठली आहेस, वडील काय करतात, पूर्ण नाव सांग. काही नाही. मला ते फार आवडलं. वाटलं, इथे आपल्याला जागा आहे.

नोकरी लागली. ऑफिसात सर सगळ्यांना नावानं हाक मारायचे. मला आडनावानं. पहिल्या आठवड्यात माझ्या तोंडून "मले" निघालं तेव्हा ते म्हणाले, "क्लायंटसमोर मला म्हण. मला." टीमनं दिवसभर तेच चालवलं. मी दोन वर्षं जीभ सांभाळून बोलले.

मग ही सोसायटी आली. त्यांना सभासदत्वाचे अर्ज या नेटवर्कवर हवे होते. फ्लॅट घेणाऱ्यानं अर्ज करायचा, कमिटीनं मंजूर किंवा नामंजूर करायचा, नोंद कायमची राहणार. मंजूर करायचं फंक्शन मी लिहिलं. नामंजूर करायचंही लिहिलं. त्यात एक ओळ जास्तीची टाकली. कारण रिकामं असेल तर फंक्शन पुढे जाणार नाही, जागच्या जागी परत फिरेल. नकार द्यायचा तर कारण लिहा. मला कोणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, हे तर असायलाच पाहिजे.

अध्यक्षांनी ते पाहिलं. "हे काढा," म्हणाले. "कारण लिहीत बसलो तर उद्या कोणी कोर्टात जाईल. आम्हाला अर्ज बघून कळतं कोण बसेल सोसायटीत." मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुमचं पूर्ण नाव काय?"

मी सांगितलं.

"अच्छा," ते म्हणाले.

सर लगेच म्हणाले, "जरा सेन्सिटिव्ह आहे ती या विषयात. काढेल."

मी काढली. कर्सर ओळीच्या शेवटी नेला आणि मागे मागे पुसत आले. एक बटण. किती सोपं असतं. आणि दुसऱ्या दिवशी सरांनी चाचणीसाठी माझं आडनाव वापरलं.

त्या दिवशी चहाच्या वेळी टीममधला एक मुलगा म्हणाला, "मनावर नको घेऊस, डमी डेटा होता." मी म्हटलं, "नाही घेतलं."

शनिवारी घरी गेले. आई म्हणाली, "काहून वं, जेवत नाही?" बाबांना खाणीतल्या आवाजानं कमी ऐकू येतं. त्यांना दोनदा सांगावं लागलं. ओळ म्हणजे काय, फंक्शन म्हणजे काय, तेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकलं. मग विचारलं, "ते लाइन कोणं काढली?"

"मी."

ते भाकरी मोडत राहिले. मग म्हणाले, "त्यायले आपलाच हात लागते."

आई म्हणाली, "राहू द्या ना जी. नोकरी आहे तिची."

बाबा रागावले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं.

सोमवारी कॉन्ट्रॅक्ट नेटवर्कवर चढवायचं होतं. माझ्याच मशीनवरून. सर मागे येऊन उभे राहिले. "कर डिप्लॉय."

रविवारभर वाक्यं पाठ केली होती मी. कायदा, नियम, सगळं. त्यातलं एकही आलं नाही. "मले नाही जमत, सर."

"नाही जमत, की नाही करायचं?"

"नाही करायचं. कारणाची ओळ परत टाकू द्या. मग करते."

ते चिडले नाहीत. पलीकडच्या मुलाला म्हणाले, "तुझ्याकडे घे रे." मनावर नको घेऊस म्हणाला होता तोच मुलगा. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. दहा मिनिटांत कॉन्ट्रॅक्ट चढलं. मी त्याच खुर्चीवर बसून होते. माझ्या नकारानं काही अडलं नाही. संध्याकाळी माझं ओळखपत्र जमा करून घेतलं. कारण विचारलं तर म्हणाले, टीममध्ये फिट होत नाहीस.

आता कळमेश्वरच्या एका कारखान्यात स्टोअरच्या नोंदी करते. बाबांना सांगितलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. मी केलं ते बरोबर होतं, असं मला रोज वाटत नाही.

गेल्या महिन्यात एका बाईचा फोन आला. सरकारी दवाखान्यात नर्स. त्या सोसायटीत फ्लॅट बघितला होता, मालक विकायला तयार होता, कमिटीनं नकार दिला. माझा नंबर त्यांना त्याच मुलानं दिला होता, ज्यानं कॉन्ट्रॅक्ट चढवलं. काहून दिला, मी विचारलं नाही.

"ताई, माझ्या अर्जाचं काय झालं ते तुम्हाले दिसते का?"

दिसतं. नोंद वाचायचं फंक्शन मी पब्लिक ठेवलं होतं. ते कोणीच काढलं नाही, कोणाचं लक्षच गेलं नाही. मी त्यांचा अर्ज क्रमांक टाकून कॉल केला. नामंजूर. कारण रिकामं. मग मागचे पुढचे क्रमांक टाकत गेले. मंजूर, मंजूर, नामंजूर, मंजूर, नामंजूर. नामंजूर असलेली आडनावं एकाखाली एक वाचली. सगळी आमच्याच वस्तीत ऐकलेली. वाचून दाखवली त्यांनाही.

ती आडनावं त्यांनी लिहून घेतली. मग म्हणाल्या, "मी तक्रार करून राहिली. हे तुम्ही लिहून द्याल का? की हे असं मुद्दाम केलं म्हणून?"

मी त्यांना खरं सांगितलं. नोकरीला लागताना ऑफिसातलं बाहेर बोलणार नाही असं लिहून दिलं आहे. ते नोटीस पाठवतील. नागपुरात हे काम मला परत मिळणार नाही. आणि ते कॉन्ट्रॅक्ट तसंच राहील. ते मलाही बदलता येत नाही, कोणालाच नाही.

"मंग?" त्यांनी विचारलं.

मग मी लिहायला बसले. ओळ काढायला कोणी सांगितलं, समोर कोण कोण होतं, कोण हसलं. खाली पूर्ण नाव. तक्रारीतून काही निघेल असं मला वाटत नाही. त्यांना तो फ्लॅट मिळेल असंही वाटत नाही. पण सुनावणीला बोलावलं तर मी जाणार. नाही बोलावलं तरी जाणार, दाराशी उभी राहणार. आणि बोलू दिलं तर पहिलं वाक्य स्वतःविरुद्ध बोलणार: ती ओळ मी माझ्या हातानं पुसली.

त्यानंतर बाकीच्यांची नावं घेणार. एकेक.