तारेवरचं लुगडं

ओल्या पत्र्याचा वास आला, की माझं मनगट ठणकतं. कन्नडला वादळात आमचे पत्रे उडाले, तेव्हा आम्ही शाळेत आसरा घेतला अन् पाऊस थांबल्यावर घरी परतलो. खांबावरची वायर तुटून कपडे वाळत घालायच्या तारेवर पडली होती. सासूबाईंनी थोरल्या जावेचा हात घट्ट धरला, “इथंच थांब, माय.” मला एक शब्द नाय! माझी नुसती आग झाली. वायरीकडं न बघता मी तारेवरचं माझं लुगडं काढायला तरातरा गेले, तोच सासूबाईंची कोरडी काठी मनगटावर बसली. “करंट असंल त्यात, मरशील!” तिला हात अन् मला काठी, हे लई वर्षं सललं. परवाच्या वादळानंतर सून ओल्या भिंतीवरचं बटण दाबायला निघाली. लेकीचा हात माझ्या हातात होता. दुसऱ्या हातातली माझी काठी सुनेच्या मनगटावर बसली. मनगट चोळत ती लेकीकडं बघत राहिली, मी जावेकडं बघायचे अगदी तशी.