सदाभाऊंचा गारवा

अहमदनगरचे सदानंद साळवे मस्कतच्या रुवी भागातल्या आमच्या मराठी मंडळीच्या चर्चचा एसी एकोणीस वर्षं सांभाळत होते. पोटापाण्याची नोकरी जवळच्याच हमरिया भागातल्या एका एसी दुरुस्तीच्या दुकानात. चर्चचं काम मात्र फुकट, सेवा म्हणून. शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या आणि उपासनेच्या दिवशी, सगळ्यांच्या आधी येऊन ते मशीन सुरू करत. उन्हातून आत आलेलं कुणी ना कुणी म्हणायचंच, "सदाभाऊ, जिवात जीव आला." तेवढ्या वाक्यावर त्यांचा पुढचा आठवडा सुखात जायचा.

विजेचं बिल दरवर्षी चढतच होतं. २०१७च्या मे महिन्यात ते इतकं आलं, की पाळकसाहेबांनी तातडीने पंचांची बैठक बोलावली. खजिनदार प्रेमाताई म्हणाल्या, "आपला आशुतोष इंजिनिअर आहे. त्यालाच बघायला सांगू."

सदाभाऊ तिथेच बसले होते. त्यांना कुणी विचारलं नाही.

आशुतोष पुण्याचा, अठ्ठावीस वर्षांचा, मस्कतला येऊन जेमतेम वर्ष झालेलं. त्याने पिस्तुलासारखं एक यंत्र आणलं. भिंतीवर रोखलं की तापमान दाखवायचं. मुलं त्याच्याभोवती गोळा झाली. त्याने काचांना जाड पडदे लावायला सांगितले, मशीन तासभर उशिरा सुरू करायला सांगितलं. "केवढा हुशार पोरगा!" बायका म्हणू लागल्या. सदाभाऊंच्या घरी त्यांच्या बायकोने, वैशालीवहिनींनीही, मटणाचा डबा भरला.

"हा कुणाला?" सदाभाऊंनी विचारलं.

"आशुतोषला. एकटा राहतो हो बिचारा."

"मीही सात वर्षं एकटाच राहिलो इथे. मला कुणी दिला डबा?"

वहिनी हसल्या. सदाभाऊ हसले नाहीत.

एक गोष्ट सदाभाऊंना ठाऊक होती, आशुतोषला नव्हती. गॅलरीच्या मागे, छताच्या वर, थंड हवेच्या मोठ्या नळीचा एक सांधा उखडला होता. निम्मी हवा माळ्यावरच वाया जात होती. एप्रिलमध्येच त्यांनी तो पाहिला होता आणि सवडीने दुरुस्त करू म्हणून ठेवला होता. आता ते मुद्दाम गप्प बसले. लावू दे पडदे, त्यांना वाटलं.

जूनचं बिल आलं. फरक नावापुरता. आशुतोष सगळ्यांसमोर खाली मान घालून म्हणाला, "माझंच काहीतरी चुकतंय." पाळकसाहेबांनी सांगितलं, की असंच चाललं तर उपासना तासाभरातच आटोपावी लागेल, संडेस्कूल बंद ठेवावं लागेल.

त्या दिवशी सदाभाऊ घरी शीळ घालत आले. वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"मशीनमध्ये काय बिघडलंय ते तुम्हाला माहीत आहे ना?"

"मला कुणी विचारलं?"

"मुलांचं संडेस्कूल बंद पडतंय, अहो. आणि तुम्ही शीळ घालताय?"

त्या रात्री सदाभाऊंना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आशुतोषला फोन केला. दोघं शिडी लावून माळ्यावर चढले. सदाभाऊंनी सांधा दाखवला आणि तीन तास घामाने निथळत तो बसवला. आशुतोषने बॅटरी धरली.

पुढच्या शुक्रवारी आशुतोष उभा राहून म्हणाला, "खरा दोष सदाभाऊंनी शोधला. मला जमलं नसतं." टाळ्या झाल्या. सदाभाऊंना त्या टाळ्याही टोचल्या. स्वतःहून श्रेय देण्याचा मोठेपणासुद्धा त्या पोरानेच मिळवला होता.

उपासनेनंतर त्यांना राहवलं नाही. चपला घालता घालता ते म्हणाले, "आशुतोष, मला ते एप्रिलपासून माहीत होतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"लोक तुझं नाव घेत होते. बघवत नव्हतं मला."

आशुतोषचा चेहरा उतरला. "मी चार रात्री झोपलो नव्हतो, सदाभाऊ," एवढंच बोलून तो गाडीकडे गेला.

पुढचे पाच शुक्रवार तो लांबूनच नमस्कार करायचा. बिल उतरलं, संडेस्कूल वाचलं, आणि सदाभाऊंना पुन्हा जुनी वाक्यं ऐकू येऊ लागली. पण ती ऐकताना त्यांची नजर मागच्या बाकावर आशुतोषला शोधायची.

सहाव्या शुक्रवारी तो स्वतःच जवळ आला. "कॉम्प्रेसरचा आवाज बदललाय का हो? की मलाच वाटतंय?"

सदाभाऊंनी कान दिला. आवाज खरंच बदलला होता, आणि त्यांच्या आधी त्या पोराने ओळखला होता. क्षणभर त्यांना तेही टोचलं.

"बरोबर ऐकलंस," ते म्हणाले. "चल, वर जाऊन बघू."